पूर्ण्याची साखर

मी बत्तीस वर्षं भिवंडीतल्या एका शाळेत भूगोल शिकवला, आणि दर वर्षी न चुकता क्वीन्सलँडचा ऊस शिकवला. 'ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर उष्ण व दमट हवामानात उसाचे पीक विपुल येते.' हे वाक्य मी झोपेतसुद्धा पूर्णविरामासकट म्हणते, असं आमचे तात्या सांगतात. तात्या म्हणजे माझे यजमान. माझं झोपेतलं बोलणं त्यांना बरोबर ऐकू येतं, जागेपणीचं तेवढं येत नाही. असो. मी स्वतः मात्र उसासाठी कधी कोल्हापूरपर्यंतही गेले नव्हते.

त्यामुळे गेल्या जूनमध्ये मितेश घरी आला आणि म्हणाला, "बाई, तुम्हाला ऑस्ट्रेलियाला जायचंय," तेव्हा मला वाटलं, हा मुलगा अजून काही सुधारला नाही.

मितेश पूर्णा गावचा, माझा जुना विद्यार्थी. नकाशात ऑस्ट्रेलिया दाखव म्हटलं की श्रीलंकेवर बोट ठेवायचा आणि वर म्हणायचा, "बेटच हाय ना, बाई?" आज त्याच्या बापजाद्यांच्या भातशेतीवर चार गोदामं उभी आहेत. जगभरचा माल त्याच्या दारात येऊन पडतो, तेव्हा त्याला नकाशाची गरज उरलेली नाही.

"भाविकाला तिकडचा पोरगा आवडलाय," तो म्हणाला.

भाविका त्याची एकुलती एक मुलगी. मॅके नावाच्या गावात चार वर्षं फिजिओथेरपिस्ट आहे. मॅके म्हणजे तोच तो ईशान्य किनारा. आणि पोरगा होता उसाच्या शेतकऱ्याचा, मूळचा फिजी बेटांवरचा.

"फिजीवरून आलेली माणसं हायत, बाई. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी यांच्या पणज्यांना यूपीतून ऊस तोडायला नेलं व्हतं. आणि हे अजून ऊसच लावतायत. ऊसतोड्यांच्या घरात पोर देऊ? इकडं मानकोलीचं स्थळ पायघड्या घालून उभं हाय."

"मग नाही म्हणून सांग तिला."

"सांगितलं. ती बोलते, आजी बोलेल ते खरं. आजी नाही बोलली तर नोकरी सोडून परत येईन, तुम्ही सांगाल तिथं लग्न करीन. आणि आई बोलते, मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय काहीच बोलणार नाही."

आजी म्हणजे मितेशची आई, राहीबाई. वय एक्काहत्तर. जमीन तिच्या नावावर, गोदामं तिच्या नावावर, त्यामुळे घरात शेवटचा शब्दही तिच्याच नावावर. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून सोबतीला मी. तिकीट मितेशचं. मी दोन दिवस आढेवेढे घेतले, कारण एकदम हो म्हणणं बरं दिसत नाही. पण खरं सांगते, पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. तात्यांना तरी लागली असेल, कारण ते वाक्य त्या रात्री मी म्हटलंच नाही.

आता इथे एक रिवाज सांगायला हवा, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. राहीबाईंच्या माणसांत स्थळ बघायला गेलं की त्या घरचं पाणी प्यावं, चहासुद्धा प्यावा, पण बिनसाखरेचा. गोड खायचं नाही. बघायला गेलेल्या वडीलधाऱ्यानं तिथं तोंड गोड केलं, की सोयरीक पक्की. मग आभाळ कोसळलं तरी मागं फिरायचं नाही.

राहीबाईंचं स्वतःचं लग्न असंच झालेलं. त्यांचं माहेर दिघाशी. त्यांच्या भावासाठी पूर्ण्याची एक मुलगी बघायची म्हणून त्यांचे वडील वैशाखाच्या उन्हात चालत पूर्ण्याला आले. ओट्यावर बसले तर कुणीतरी रीतीप्रमाणं वाटसरूला देतात तसं गूळपाणी पुढं केलं. घसा कोरडा पडलेला, त्यांनी अख्खा खडा तोंडात टाकला आणि मग जीभ चावली. मुलगी तर पसंत नव्हती. पण तोंड गोड झालेलं! शेवटी पंचांनी तोड काढली, की मुलगी करायची नसेल तर मुलगी द्या. आणि सोळा वर्षांची राही पूर्ण्याला सून म्हणून आली.

"माज्या बापाला तहान लागली, म्हनून मी हितं हाय," राहीबाई सांगत. "न्हायतर आज तुमी कोनासंगती बोलत असता, बाई?"

निघायच्या दिवशी मितेशनं आईला गावदेवीसमोर उभं केलं. "शपथ घे. त्यांच्या साखरेचा दाणा तुझ्या तोंडात जाणार नाही."

"माज्या तोंडात त्यांच्या साखरेचा दाना जानार न्हाय," राहीबाई देवीवर हात ठेवून म्हणाल्या. मग शांतपणे वळल्या आणि भावकीतल्या चार माणसांदेखत नारळ आणि पानसुपारी माझ्या ओटीत घातली. "मी इधवा बाय. सोयरिकीचा मान माजा न्हाय. पोरीच्या अंगानी वडील म्हनून बाई जातील. त्या सवाशीन हायत."

मला राग आला. विधवा म्हणून मान नाही, असल्या खुळचट समजुतींविरुद्ध मी शाळेत भाषणं ठोकलीत. शिवाय या बाईनं आयुष्यभर स्वतः पुढं होऊन लग्नं जमवलीत, तेव्हा कुठं गेला होता हा विचार? पण नारळ चांगला मोठा होता, चार माणसं बघत होती, आणि 'वडील' म्हटलेलं कुणाला आवडत नाही! मी ओटी सावरली.

मितेश मला गाडीत बसवताना कानाशी लागला. "बाई, आईवर नीट लक्ष ठेवा."

"बत्तीस वर्षं वर्गावर ठेवलंय," मी म्हटलं.

राहीबाईंच्या बॅगेत सुके बोंबील होते, सोडे होते आणि स्टीलच्या डब्यात एक किलो साखर होती. "जिथं जातो तिथं ऊसच ऊस, आणि तुम्ही साखर काय नेता? उलटे बांबू बरेलीला?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तिकरची साखर आपल्याला चालनार हाय का?" ब्रिस्बेनच्या विमानतळावर तपासणीच्या बाईंनी बोंबलांची पिशवी उघडली, एकदा वास घेतला आणि फार तत्परतेनं बंद केली. साखरेला काही बोलल्या नाहीत. तिथून छोट्या विमानानं आम्ही मॅकेला पोचलो. खाली बघते तर हिरवा चौकोन, तांबडा चौकोन, हिरवा चौकोन. आडवी नदी, चिमणीतून वर जाणारी वाफ आणि पलीकडं निळा समुद्र. मी मोठ्यानं म्हणाले, "विपुल येते!" शेजारचा माणूस दचकला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

भाविका न्यायला आली होती. आजीला कडकडून मिठी मारली, मला वाकून नमस्कार केला. पोरगी बारीक झाली होती.

"आनि तो?" राहीबाईंनी इकडं-तिकडं पाहिलं.

"आजी, सीझन चालू हाय ना. रोनिल हार्वेस्टरवर ड्युटीला असतो, सकाळी चारपासून. दोन दिवसांनी येईल."

"मोटा जावय लागून गेला," राहीबाई म्हणाल्या. एवढंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाव बघितलं. रुंद रस्ते, ताडमाड, तुरळक माणसं, आणि सगळीकडं काकवीचा गोडसर उग्र वास. मधूनच फाटक पडायचं आणि उसाच्या तुकड्यांनी भरलेल्या चिमुकल्या डब्यांची आगगाडी रस्ता ओलांडायची. मी डबे मोजले, एकशे चाळीसपर्यंत. राहीबाई मात्र बघत होत्या ते वेगळंच. किनाऱ्यावर गेलो तर समुद्र ओहोटीला इतका मागं गेलेला की नुसता चिखल, आणि कडेनं तिवरांची झुडपं.

"ही तर आपली खारीच हाय गो," त्या खाडीच्या चिखलात उतरावं तशा चप्पल काढत म्हणाल्या. एका बिळाजवळ उकिडव्या बसल्या आणि बोटानं दाखवलं. "हितं चिंबोरी हाय. मोटी. बघा, दुपारच्याला पानी चरंल तवा भायर येल."

मी त्यांना भरती-ओहोटीची कारणं सांगितली. चंद्राचं आकर्षण वगैरे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमी कंदी चिंबोरी धरलीय का?"

खरी पंचाईत सुरू झाली ती जेवणापासून. भाविकानं पाव काढला, तर राहीबाईंनी विचारलं, "ह्या पोराचा ऊस जातो कुठं?"

"मिलमध्ये."

"मिलची साखर?"

"सगळीकडं जाते, आजी. बोटीनं परदेशात जाते. इथं पण असेल."

"मंग या गावातल्या कंच्या साखरंत त्याचा ऊस हाय आनि कंच्यात न्हाय, कोन सांगनार? बाई, जरा वाचा त्या पावावर काय लिवलंय."

मी चष्मा लावला. पावात साखर होती! टोमॅटोच्या सॉसमध्ये होती, लोणच्यात होती, खारट म्हणून आणलेल्या वेफर्समध्येही होती. त्या दिवशी मी दुकानात उभी राहून चाळीस पाकिटं वाचली. साखर कुठून कुठं जाते हे मी मुलांना बाण काढून दाखवायची, पण ती मोहरीच्या चटणीपर्यंत पोचते हे मला माहीत नव्हतं. आणि वर राहीबाईंनी मलाच दटावलं, "मान तुमच्याकरं हाय, बाई. तुमी बी न्हाय खायाचं काय."

उरलं काय? भात, सुके बोंबील आणि पूर्ण्याच्या डब्यातली साखर घातलेला चहा. मला चहात तीन चमचे लागतात. डॉक्टर नको म्हणतात, मी हो म्हणते. तेवढ्या तीन चमच्यांवर मी दिवस काढत होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रोनिल आला. उंच, काळासावळा, हातावर उसाच्या पात्यांचे बारीक ओरखडे. गुडघ्यापर्यंत तांबडी माती. बूट दाराबाहेर काढले, न्हाणीघरात जाऊन पाय धुतले आणि मग राहीबाईंच्या पाया पडला. माझ्या इंग्रजीचा उपयोग करायची संधी आली म्हणून मी घसा साफ केला, तर तो हिंदीतच बोलायला लागला. कसली हिंदी! माझ्या शाळेतल्या हिंदीच्या बाईंनी ऐकली असती तर छडी काढली असती.

"आजी, तुम लोग थक गया होइगा. हम एअरपोर्ट नहीं आय सका, मशीन हमरे हाथ में रहा."

राहीबाई चटकन पुढं सरकल्या. त्यांच्या चाळीत तीस वर्षं लूमवरचे कामगार भाड्यानं राहिले, यूपीतले, बस्तीचे, आझमगढचे. त्यांच्याशी भांडून-बोलून शिकलेली हिंदी त्यांनी परजली. "मशीन छोडके आता तो हम गुस्सा करता. काम पहिले."

मग माझी गरजच उरली नाही. दोघं किती तरी वेळ बोलत होते. पाऊस किती पडतो, उंदीर लागतात का, डुकरं येतात का. भाविका दाराशी उभी राहून नखं खात होती. शेवटी तिनं चहा आणला. राहीबाईंनी पूर्ण्याच्या डब्यातून एक चमचा आपल्या कपात घातला, तीन माझ्या कपात घातले आणि त्याच्या कपाकडं वळल्या.

"हमरे में नहीं, आजी," तो म्हणाला. "भाविका बताइस रहा तुम लोग के रिवाज. जब तक आजी मुँह मीठा नहीं करे, तब तक हमहूँ नहीं. चार महीना होय गया."

"चार म्हैने? साखर न्हाय?" राहीबाई चक्क मराठीत बोलल्या.

"ई भी," त्यानं भाविकाकडं मान वळवली. "हम बोला तुम खाओ, ई नहीं माने."

म्हणून पोरगी बारीक झाली होती तर! दिवसभर गोडाच्या वासात राहायचं, उसाच्या राशीवर उभं राहायचं, आणि जिभेवर कण नाही. मला गलबलून आलं. राहीबाई कपातला चहा बशीत ओतून हळूहळू प्यायल्या, आणि तो गेल्यावर म्हणाल्या, "पोरगा बूट भायर काढतो." माझं सगळं कुतूहल जिथल्या तिथं राहिलं. हो की नाही, काही कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला कोरा, कडू चहा दिला.

"साखर?"

"सरली."

"एक किलो? चार दिवसांत?"

"तीन तीन चमचे, बाई," त्या गंभीरपणे म्हणाल्या.

मी ओशाळले. स्वतःला मनातल्या मनात खूप बोलले. त्या दिवशी कडू चहा, दुसऱ्या दिवशी कडू चहा, तिसऱ्या दिवशी माझं डोकं दुखायला लागलं आणि मी भाविकावर विनाकारण खेकसले. साखरेचं खाणार त्याला देव देणार म्हणतात. या गावात देवानं सगळ्यांना दिलं होतं, फक्त मला सोडून. चौथ्या दिवशी आम्ही रोनिलच्या शेतावर गेलो.

गावाबाहेर अर्ध्या तासावर शेत. मध्ये लाकडी घर, दाराशी तुळस, झेंडू. त्याचे आईबाप मिलमध्ये माल घालायला गेलेले, यायला दुपार होणार होती. घरी त्याची आजी होती, फुलमती. राहीबाईंच्याच वयाची, डोक्यावर पदर, पायात रबरी बूट.

"आओ बहिनी, बइठो." तिनं गुळाच्या पोळीसारखं काहीतरी तुपात भिजवलेलं पुढं केलं. त्याचा वास माझ्या नाकातून थेट पोटात गेला.

"हम मीठा नहीं खाता," राहीबाई म्हणाल्या. "अभी नहीं."

"रोनिल बताइस. ठीक है." तिनं ताट झाकून ठेवलं, आणि नुसतं पाणी दिलं. मग फुलमतीनं विचारलं, "तुम लोग के खेत में का होय?"

"पहिले चावल होता था. अभी गोदाम है."

"गोदाम में का उगे?"

राहीबाईंनी जरा विचार केला. "खोका," त्या म्हणाल्या. "खोका उगता है. सुबे भरता, शाम को कटता. बारा महिना."

फुलमती आधी नुसती बघत राहिली, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. राहीबाईही हसल्या. दोघींना ठसका लागेपर्यंत हसल्या. ठसका ओसरल्यावर फुलमती डोळे पुसत म्हणाली, "फिजी में हमरो खेत रहा. तीस बरस के पट्टा. पट्टा खतम, मालिक बोला उठो. आम के पेड़ हमरे हाथ के लगावल, ओही छोड़ के आय गवा. हियाँ पचास बरस के उमर में फिर से जमीन खोदा."

राहीबाई हसायच्या थांबल्या. "तुमको उठाया," त्या हळू म्हणाल्या. "हम तो खुद उठ गया, बहीन. अपने हाथ से." मी इतकी वर्षं राहीबाईंना ओळखते. त्यांची गोदामं, त्यांच्या पाटल्या, त्यांच्या दारातल्या गाड्या, सगळं बघत आले. त्यांना त्या शेताचं दुःख असेल असं माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात त्या माझ्याकडं वळल्या. "बाई, तुमी बसलाव कनाला? जा ना, ऊस बगा. तुमचा भूगोल हाय ना तो? रोनिल, दिखाव मास्तरीनबाई को."

मला तेवढंच हवं होतं. रोनिल मला घरामागं घेऊन गेला. दूरवर मोठं यंत्र उभं होतं, आणि या बाजूला आजीनं खास खायला लावलेल्या जाड, जांभळट उसाची एकच ओळ. मी त्याला पर्जन्यमान, मृदा, नदीखोऱ्याचा उतार सगळं समजावून सांगितलं. तो "अच्छा, अच्छा" करत ऐकत होता. बिचाऱ्याचा जन्म उसात गेला होता, पण असा विद्यार्थी मला बत्तीस वर्षांत मिळाला नव्हता.

"हातात घेऊन बघू का एक?" मी विचारलं.

त्यानं कोयत्यानं एक कांडं तोडलं, वरची साल चार फटक्यांत उडवली आणि माझ्या हातात दिलं. पांढरा, ओला, थंड. रस मनगटावर ओघळला. मी फक्त वास घेणार होते. शपथेवर सांगते, फक्त वास. पण चार दिवसांचा कडू चहा माझ्या तोंडात होता, आणि बत्तीस वर्षांचं ते फळ्यावरचं वाक्य माझ्या हातात होतं. मी कचकन चावले.

अहाहा! काय सांगू? मी चावत गेले, चोखत गेले, चोथा थुंकला, पुन्हा चावले. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये म्हणतात. मी मुळाच्या दिशेनंच निघाले होते. समोर रोनिल दगडासारखा उभा. त्याचे डोळे एवढाले झालेले. तो माझ्याकडं बघत नव्हता, माझ्या मागं बघत होता.

"बाई," मागून आवाज आला.

राहीबाई, फुलमती आणि भाविका ओळीनं उभ्या होत्या. माझ्या हनुवटीवरून रस गळत होता.

"मानाची ओटी कोनाकरं हाय?" राहीबाईंनी विचारलं.

"माझ्याकडं," मी म्हटलं. तोंडात ऊस असल्यानं ते नीट आलं नाही.

"पोरीच्या अंगानी वडील कोन?"

मी ऊस गिळला. गिळू नये तो चोथासुद्धा गिळला. "मी. पण राहीबाई, मी विसरले हो. हे धरायचं नाही. मी ऊस म्हणजे... अभ्यास म्हणून..."

"माजा बाप बी तहान म्हनूनच बोलला व्हता," राहीबाई म्हणाल्या. "त्याचं धरलं, तर तुमचं कनाला धरायचं न्हाय? तोंड गोर झालं. सोयरीक पक्की."

भाविका धावत आली आणि आजीला सोडून माझ्याच गळ्यात पडली. रडतही होती, हसतही होती. फुलमतीनं झाकलेलं ताट आणलं. चार महिन्यांनी त्या दोघांनी पहिला घास खाल्ला तेव्हा रोनिलनं डोळे मिटून घेतले. राहीबाईंनी मात्र तेव्हाही तोंडाला काही लावलं नाही. "माजी शपत हाय," म्हणाल्या.

मग मितेशचा फोन. पडद्यावर त्याचा चेहरा लालबुंद. "आई, तू देवीसमोर बोलली व्हतीस!"

"माज्या तोंडात दाना गेला न्हाय. देवीला इचार."

"मग बाई! बाई, तुम्ही? तुमच्या भरवशावर मी आईला धाडली!"

मला भयंकर अपराधी वाटत होतं, आणि अपराधी वाटलं की मी ओरडते. "मितेश, बाईंशी बोलताना उभं राहायचं!" आणि खरं सांगते, तो गोदामाच्या ऑफिसात खुर्चीतून उठून उभा राहिला. मग बहुधा स्वतःचाच राग आला त्याला, कारण त्यानं फोन बंद केला.

दहा दिवसांनी आम्ही परतलो. मितेश विमानतळावर आला नाही, ड्रायव्हर पाठवला. पूर्ण्याला पोचलो तर तो ओट्यावर पाठ करून बसलेला. समोरच्या रस्त्यावर कंटेनरची रांग लागलेली, हॉर्न वाजत होते. राहीबाई त्याच्याशेजारी जाऊन बसल्या.

"ऊसतोडे म्हनून न्हाय, आई," तो शेवटी म्हणाला. "मानकोली हितं हाय, नाक्यावर. पोर बोलावली तर अर्ध्या तासात आली असती. आता मना ती वरसातून एकदा दिसंल. तुझ्या लक्षात येतंय का?" त्याचा आवाज चिरकला. एवढा मोठा माणूस, चार गोदामांचा मालक. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं.

"मी दिघाशीवरून आली तवा सोला वर्सांची व्हती," राहीबाई म्हणाल्या. "ना रस्ता, ना गारी. माजा बाप वरसातून एकदा यायाचा. आमची दिघाशी तवा ऑस्ट्रेलियाच व्हती रं. पन माज्या बापानी तोंडातला गूल थुकला न्हाय. आनि मी हितं सुखात न्हायली, तुज्यासारका पोर झाला. मंग?"

मितेशचे खांदे जरा सैल झाले. राहीबाईंनी बॅग पुढं ओढली, साड्या बाजूला केल्या, बोंबलांची रिकामी पिशवी काढली, आणि खालून तो स्टीलचा डबा बाहेर काढला. झाकण उघडलं. आत अर्ध्याच्या वर साखर होती.

मी बघतच राहिले. काखेत कळसा नि गावाला वळसा! चार दिवस मी कडू चहा प्यायले, डोकेदुखी सोसली, पोरीवर ओरडले, आणि हा डबा माझ्याच उशापासून चार हातांवर साड्यांखाली होता. आणि मग एकेक गोष्ट उलगडत गेली. पोरगा बूट बाहेर काढतो ती संध्याकाळ, आणि दुसऱ्याच सकाळी 'सरली'. 'बाई, जा ना, ऊस बगा.' आणि त्याच्याही आधीची ती ओटी! ती विधवेला मान नसल्याची बतावणी, भावकीतल्या चार माणसांदेखत!

"राहीबाई," मी म्हटलं, "तुम्ही निघतानाच ठरवलं होतं?"

"निघताना फकस्त वाट ठेवली व्हती," त्या म्हणाल्या. "पोरगा वंगाल असता तर तुमाला ऊसाच्या वाऱ्याला उबी केली नसती." मग त्यांनी चिमूटभर साखर घेतली आणि मितेशच्या तोंडासमोर धरली. "ही आपल्या घरची हाय. पूर्ण्याची. शपतंत येत न्हाय. आ कर. उरलेली साकरपुड्याला."

मितेशनं ओठ घट्ट मिटले. सातवीत नकाशासमोर उभा असताना मिटायचा, तसेच. मग डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं तोंड उघडलं.

आतून चहा आला. मी राहीबाईंच्या हातातून डबा ओढून घेतला, साखरपुड्याची साखर होती तरी, आणि माझ्या कपात पाच चमचे घातले.